छताखालची हवा



प्रदूषण हा शब्द उच्चारला की आपली दृष्टी आकाशाकडे जाते. कोराडी आणि खापरखेड्याची धुराडी, रस्त्यावरील वाहने, दिवाळीतील फटाके यांविषयी आपण तळमळीने बोलतो आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्यातील असंख्य कष्टकरी माणसे दिवसाचे आठ-दहा तास ज्या हवेत श्वास घेतात, ती हवा आकाशाखालची नसते. ती छताखालची असते. हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींतील शेड, गल्लीबोळांतील छापखाने, फर्निचरची आणि पादत्राणांची कामे, मोटारी रंगविणारी गॅरेजे, या ठिकाणच्या हवेचा विचार कोण करतो?

हा विचार नागपूरला नवा नाही. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल या नगरीत सुरू झाली. आज त्या जागी चकाकणारा मॉल उभा आहे. पण जुन्या पिढीच्या कानात गिरणीचा भोंगा अजून घुमत असेल. या गिरणीत हवा खेळती ठेवण्याची आणि तिच्यात ओलावा राखण्याची यंत्रणा जमशेटजींनी बसविली. कोरड्या हवेत सूत तुटते, तेव्हा त्यामागे व्यापारी हिशेब होता हे खरे. परंतु शेडमधील हवा हा यंत्रसामग्रीइतकाच महत्त्वाचा भाग आहे आणि तिच्यावर पैसा खर्च करावा लागतो, हे त्या काळी एका उद्योजकाने ओळखले होते. याच गिरणीत १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी उभा राहिला आणि १८९५ पासून अपघातग्रस्तांना भरपाई मिळू लागली. त्यासंबंधीचा कायदा देशात १९२३ साली आला! कायद्याची वाट न पाहता केलेले कर्तव्य, ते हे.

तरीही कापसाचा तंतू हवेत उडतोच. सूतगिरण्यांतील कामगारांना जडणाऱ्या आजाराचे एक विलक्षण लक्षण आहे. आठवडी सुट्टी संपवून माणूस कामावर येतो आणि त्याच दिवशी त्याची छाती आवळल्यासारखी होते. दुसऱ्या दिवशी बरे वाटते, म्हणून तो दुर्लक्ष करतो. वर्षे लोटतात आणि एक दिवस ती धाप कायमची सोबतीला येते. वैद्यकशास्त्रात याला बिसिनोसिस म्हणतात.

कापसाची धूळ निदान डोळ्यांना दिसते. रसायनांची वाफ दिसतही नाही. थिनर, चिकटद्रव्ये, शाई आणि रंग यांतील द्रावके उघड्या डब्यातून उडून हवेत मिसळतात. बेंझिन दीर्घकाळ श्वासावाटे गेले तर अस्थिमज्जेला बाधा होऊन रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. काही चिकटद्रव्यांतील हेक्झेनमुळे हातापायांच्या नसा दुबळ्या होतात. मोटारींना दिल्या जाणाऱ्या दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगात आयसोसायनेट वर्गाची रसायने असतात. त्यांचा फवारा श्वासात गेल्याने दमा जडू शकतो आणि तो एकदा जडला की पुढे अत्यल्प वाफेनेही उसळतो.

आयसोसायनेट हा शब्द ऐकून अनेकांना २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची भोपाळची रात्र आठवली असेल. तिथे गळलेला मिथिल आयसोसायनेट वायू याच रासायनिक कुळातला, परंतु कितीतरी अधिक उडून जाणारा आणि घातक. भोपाळने एका रात्रीत हजारो माणसे नेली, म्हणून जग हादरले. बंद शेडमधील विष मात्र एकेक माणूस आणि एकेक वर्ष घेत जाते. त्याची बातमी होत नाही.

नागपूरच्या उन्हाळ्याचाही येथे विचार करावयास हवा. पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की द्रावके अधिक वेगाने उडतात आणि नेमक्या त्याच वेळी झळा नकोत म्हणून दारे-खिडक्या लावून घेतल्या जातात.

या बाबतीत चार गैरसमज खोलवर रुजले आहेत. पहिला, वास येत नाही म्हणजे धोका नाही. वस्तुतः नाक थोड्याच वेळात वासाला सरावते आणि काही रसायनांचा वास जाणवण्याआधीच ती अपाय करतात. दुसरा, तोंडाला रुमाल बांधला की झाले. रुमाल थोडीफार धूळ अडवील. वाफ अडवू शकत नाही. तिसरा, छताला पंखा आहे. तो पंखा विष बाहेर टाकत नाही, सर्वांना सारखे वाटून देतो. चौथा, कामगारांना गूळ वाटला की फुप्फुसे स्वच्छ होतात. गूळ अवश्य द्यावा. पण तो खेळत्या हवेला पर्याय नव्हे.

मग उपाय कोणता? शास्त्राने त्याचा क्रम सांगितला आहे. प्रथम, घातक रसायनाऐवजी कमी घातक वापरता येईल का, ते पाहावे. नंतर डबे झाकून ठेवावेत आणि फवारणीचे काम स्वतंत्र, बंदिस्त कक्षात करावे. वाफ जिथे निर्माण होते तिथूनच ती खेचून बाहेर नेणारी व्यवस्था बसवावी. अनेक द्रावकांची वाफ हवेपेक्षा जड असते; उंचावरील एका झरोक्याने भागत नाही. हे सारे करून, शेवटी, योग्य गाळणीचा मास्क. आपल्याकडे हा क्रम उलटा असतो. मास्क हाती दिला की मालकाला कर्तव्य संपले असे वाटते.

भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. हवेतील रसायनांच्या कमाल मर्यादा आणि धोक्याची माहिती मिळण्याचा कामगाराचा हक्क कायद्यात आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. परंतु चार-सहा माणसांच्या गॅरेजपर्यंत निरीक्षकाची पावले क्वचितच पोहोचतात. तिथे राखण करावयाची ती मालकाच्या सद्‌सद्विवेकाने. ज्या शहरात १९५८ पासून नीरीसारखी संस्था हवेचा आणि पाण्याचा अभ्यास करते, तिथल्या उद्योजकाला शास्त्र माहीत नव्हते, अशी सबब शोभत नाही.

इटलीतील रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला आणखी एक प्रश्न विचारा, असे त्याने वैद्यांना सांगितले: तुम्ही काम कोणते करता? आपल्या डॉक्टरांनी हा प्रश्न विचारावा. विचारला नाही, तर घरच्यांनी आपणहून सांगावे. रात्री खोकल्याची उबळ येते आणि सुट्टीत आराम पडतो, ही नोंद घरातील माऊलीइतकी अचूक कोण ठेवील? कामावरचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत, मुलाला कडेवर घेण्याआधी हातपाय धुवावेत, हे संस्कारही घरातूनच होतील.

आपण श्रमाला पूजा म्हणतो. ज्या ठिकाणी पूजा होते, तिथली हवा पुजाऱ्यालाच मारक ठरत असेल, तर तो दोष आपला आहे. येथून परतल्यावर मालकांनी आपल्या शेडमध्ये दार लावून तासभर कामगारांसोबत बसावे. पुढे काय करावयाचे, ते त्यांचा श्वासच त्यांना सांगेल.