पोटाचे दुखणे अंगवळणी पाडू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली एक गृहिणी. चिटणीसबाईंचा आग्रह मोडवेना, म्हणून आपल्या घराघरांतल्याच एका दुखण्याविषयी चार शब्द बोलते.

जेवल्यावर पोट फुगणे, वरच्या पोटात आग पडणे, मळमळणे हे आपल्यापैकी कितीजणींना वर्षानुवर्षे चालू आहे! आपण ओवा चावतो, सोडा घेतो आणि कामाला लागतो. घरची माणसे म्हणतात, "उपास फार, तिखट फार, त्यातून स्वभाव तापट!" माझ्या थोरल्या जाऊबाईंनी हे बोलणे सहा वर्षे ऐकून घेतले.

पूर्वी डॉक्टरसुद्धा पोटातल्या व्रणाचा दोष काळजीला आणि आम्लाला देत असत. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरच्या डॉ. रॉबिन वॉरन आणि डॉ. बॅरी मार्शल यांनी १९८२ साली जठरात राहणारा एक पिळदार जंतू शोधून वाढविला. त्याचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. कोणाचा विश्वास बसेना, तेव्हा १९८४ साली मार्शल स्वतःच ते जंतू प्याले आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हा जंतू बहुधा लहानपणीच पोटात शिरतो. पुष्कळांना त्याचा काहीच त्रास होत नाही. काहींना अपचन, व्रण आणि क्वचित कर्करोगही होतो.

डॉक्टरांनी जाऊबाईंची श्वासाची तपासणी करविली. एक औषध प्यायचे आणि थोड्या वेळाने फुंकर मारायची, एवढेच. शौचाच्या तपासणीनेही जंतू कळतो. मात्र आम्ल कमी करणाऱ्या काही गोळ्या डॉक्टरांना विचारून दोन आठवडे आधी थांबवाव्या लागतात. नाही तर जंतू असूनही सापडत नाही.

जंतू निघाला. चौदा दिवस औषधे होती. तोंड कडू पडले, तरी जाऊबाईंनी एकही गोळी चुकविली नाही. औषध अर्धवट सोडले तर जंतू पुढे त्याला दाद देत नाही. महिन्याभराने पुन्हा तपासणी केली. जंतू गेला होता. आता त्या पोटभर जेवतात.

पण भगिनींनो, प्रत्येकीचे अपचन या जंतूमुळेच असते असे नाही. अंगदुखीच्या काही गोळ्यांनीही व्रण होतो. म्हणून शेजारणीची चिठ्ठी दाखवून औषध आणू नका. शौचाला काळे होणे, रक्ताची उलटी, विनाकारण वजन घटणे, घास अडकणे यांपैकी काही दिसले तर एक दिवसही थांबू नका. साठीनंतर नव्याने अपचन सुरू झाले तरी डॉक्टरांना दाखवा.

घरातल्या सर्वांचे पथ्यपाणी आपण सांभाळतो. त्यात आपलेही एक पोट आहे. यापुढे कोणी त्याचा दोष आपल्या स्वभावाला दिला, तर भांडू नका. "आधी तपासणी करून घेऊ" असे सांगा.