घर्षण, तोल आणि दुचाकी


भौतिकशास्त्र केवळ परीक्षेपुरते नसते. टायर व रस्ता यांच्यातील घर्षणामुळेच दुचाकी थांबते आणि वळते. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. म्हणून कोरड्या रस्त्यावर ताशी 30 किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यावर सुमारे 5 मीटरांत थांबत असेल, तर 60 च्या वेगाला 20 मीटर लागतात. पावसात घर्षण घटते, अंतर आणखी वाढते.

वळणावर तोल राखण्यासाठी गाडी आत झुकवावी लागते. तेव्हाच जोराने ब्रेक दाबल्यास दोन्ही कामांना घर्षण पुरत नाही, चाक घसरते. वेग वळणापूर्वीच कमी करावा.

पालकहो, परवाना व हेल्मेट तर हवेतच. पण किल्ली देण्यापूर्वी मुलांना हे गणितही अवश्य विचारा.