मोडीत घालण्याआधी भांड्यावरचं नाव वाचा

हातातलं काम चालू राहू द्या, फक्त कान इकडे असू द्या. आज आम्ही गटातल्या बाया तुमच्याशी माळ्यावरच्या पितळेबद्दल बोलणार आहोत. गुंड, कोपर, चरवी, गडवा, घंगाळ, समई, पानाचा डबा, अडकित्ता. यातलं काही ना काही तुमच्याही घरात असेल. पोत्यात बांधून ठेवलेलं असेल, वर धूळ बसलेली असेल.

हा विषय का निघाला, ते आधी सांगतो. आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी मुलाचं लग्न ठरलं. घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला. ताई त्या दिवशी सोयाबीन सोंगायला गेल्या होत्या. गल्लीत मोडवाला आला. घरातल्या पुरुषांनी चार-पाच जुनी भांडी काट्यावर ठेवली, पैसे घेतले आणि त्यात थोडी भर घालून स्टीलचा नवा सेट आणला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. घरात नवीन सून येणार, भांडी चकचकीत हवीत, एवढंच.

संध्याकाळी ताई घरी आल्या. नवी भांडी पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "माझा गुंड कुठे आहे?" तो गुंड त्यांच्या आईने आंदणात दिला होता. काठाजवळ छिन्नीने टिंब टिंब ठोकून नाव घातलेलं होतं, त्यांचं माहेरचं नाव. सासरी आल्यावर त्यांचं नाव बदललं. ते जुनं नाव या घरात फक्त त्या गुंडावर उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी त्यांच्यासोबत तालुक्याला गेलो. समई परत मिळाली, तीही घेतल्यापेक्षा जास्त पैसे देऊन. गुंड मात्र ठोकून चपटा केलेला होता. ताई तो चपटा पत्राच घेऊन घरी आल्या. नाव अजून वाचता येत होतं.

त्या महिन्याच्या बैठकीत आम्ही कर्जाचे हप्ते बाजूला ठेवले आणि यावरच बोललो. तीन प्रश्न निघाले. या भांड्यांची खरी किंमत काय? ती मालकीची कोणाची? आणि पुढे असं होऊ नये म्हणून काय करायचं?

पहिला प्रश्न किमतीचा. मोडवाला फक्त वजन पाहतो. पण आपण खामगावला चांदी घ्यायला जातो तेव्हा काय होतं? खामगावची चांदी शुद्धतेसाठी नावाजलेली. तिथे चांदीचे पैसे वेगळे आणि घडणावळ वेगळी लावतात. कारागिराच्या हाताची मजुरी आपण मोजून देतो. तोच दागिना मोडायला नेला की घडणावळ धरत नाहीत. पितळेचंही तसंच. मोडीत जातो तो धातू, आणि त्यासोबत कारागिराची मेहनत फुकट जाते.

ही मेहनत किती, ते समजून घेऊ. जुनी भांडी साधारण दोन प्रकारची. एक ठोकीव, दुसरी ओतीव. गुंड, हंडा, घंगाळ ही ठोकीव. तांब्या-पितळेचा पत्रा तापवायचा, हातोड्याने ठोकून गोलाई आणायची, दोन-तीन भाग एकमेकांना जोडायचे. शेवटी पूर्ण भांड्यावर एकसारखे ठोके मारायचे. याला मठारकाम म्हणतात. पुण्याच्या तांबट आळीत हे काम आजही चालतं. मठारलेल्या भांड्यावर लहान लहान पैलू दिसतात. ते शोभेचे तर असतातच, पण त्या ठोक्यांनी धातू कडकही होतो. आपल्या विदर्भात भंडाऱ्याचं नाव पितळी भांड्यांसाठीच झालेलं आहे.

समईवरचा हंस, लामणदिव्याची साखळी आणि त्यावरचा मोर, देवघरातली घंटा, ही ओतीव कामं. आधी मेणाचा हंस करायचा, त्यावर मातीचे थर द्यायचे, भट्टीत तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत वितळलेलं पितळ ओतायचं. थंड झाल्यावर माती फोडायची. साचा फुटला म्हणजे तसाच दुसरा हंस त्यातून निघत नाही. सगळ्या समया अशा होत नाहीत, वाळूच्या साच्यातही पुष्कळ ओततात. पण तुमच्या समईवरच्या हंसाची मान जरा वाकडी असेल, तर त्याला खोट समजू नका. कोणाच्या तरी हाताची ती खूण असू शकते.

अशा वस्तूंचं मोल ओळखणारा एक माणूस आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या आठवणीत त्यांनी पुण्यात संग्रहालय उभं केलं, म्हणून त्याचं नाव राजा दिनकर केळकर संग्रहालय. तिथे वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत. त्यात राजेमहाराजांच्याच वस्तू आहेत असं नाही. दिवे, अडकित्ते, कुंकवाचे करंडे, स्वयंपाकघरातली भांडी असं बायांच्या रोजच्या हाताळण्यातलं सामान तिथे काचेच्या कपाटात ठेवलेलं आहे. लोक तिकीट काढून पाहतात. आणि त्याच जातीचं सामान आपण काट्यावर ठेवतो.

आता दुसरा प्रश्न, मालकीचा. हा नीट ऐका. लग्नात, लग्नाआधी किंवा नंतर बाईला माहेरून, सासरून, नातेवाइकांकडून जे भेट म्हणून मिळतं ते तिचं स्त्रीधन. त्यात फक्त दागिने येतात असा आपला समज आहे. तो चुकीचा आहे. आंदणाची भांडीही त्यात येतात. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बाईच्या ताब्यातल्या अशा संपत्तीची ती पूर्ण मालक असते. बौद्ध आणि जैन बहिणींनाही हाच कायदा लागू आहे. १९८५ साली प्रतिभा राणी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की बाई सासरी राहायला गेली म्हणून तिचं स्त्रीधन नवऱ्याच्या सामाईक मालकीचं होत नाही. ते त्याच्याकडे असलं तर सांभाळायला दिलेलं असतं. आणि छळाचं प्रकरण असेल, तर २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायाधीश स्त्रीधन परत देण्याचा आदेश देऊ शकतात. हा कायदा सर्व धर्मांच्या बायांसाठी आहे.

आम्ही हे भांडण लावायला सांगत नाही. ताईंच्या घरातही भांडण झालं नाही. त्यांनी घरच्यांना एवढंच सांगितलं की विकायचं होतं तर मला विचारायचं होतं. मुलगा मान खाली घालून म्हणाला, "आई, मला वाटलं ते घरचं आहे." घरचं आहे, हे खरंच. पण घरातल्या कोणाचं, हे आपण कधी बोललेलो नसतो.

विकणं वाईट, असंही आमचं म्हणणं नाही. दुष्काळात, दवाखान्यात, पेरणीच्या वेळी पितळेनेच कित्येक घरं तारली आहेत. आपल्या आज्यांची बँक तीच होती. हंडा गहाण पडायचा, पीक आलं की सुटायचा. अडचण आली तर जरूर विका. पण जिची वस्तू आहे तिने ठरवून, दोन ठिकाणी भाव विचारून आणि घडणावळीची जाण ठेवून विका.

तिसरा प्रश्न, करायचं काय. उत्तर सोपं आहे. यादी करायची.

इंग्लंडमध्ये हार्डविक हॉल नावाची एक जुनी हवेली आहे. तिची मालकीण एलिझाबेथ, लोक तिला बेस म्हणत. १६०१ साली तिने आपल्या घरातल्या सामानाची यादी करून घेतली. कोणत्या दालनात कोणता पलंग, कोणता पडदा, सगळं लिहून मृत्युपत्रासोबत ठेवलं. आज चारशे वर्षांनंतरही त्या हवेलीत तेव्हा काय होतं ते त्या यादीवरून कळतं. ती फार श्रीमंत होती, आपण नाही. पण यादी करायला श्रीमंती लागत नाही. शंभर पानी वही पुरते.

आम्ही गटात असं केलं. एका रविवारी प्रत्येकीच्या घरी दोघीजणी गेल्या. प्रत्येक भांड्यापुढे पाच गोष्टी लिहिल्या. भांड्याचं नाव, वजन, त्यावर कोरलेली अक्षरं जशीच्या तशी, कोणी कधी दिलं, आणि आता ते कोणाचं. मोबाईलवर फोटो काढला आणि लेकींना पाठवला. खाली घरातल्या दोघांची सही घेतली, एक बाईची आणि एक पुरुषाची. सही करताना बऱ्याच घरांत पहिल्यांदाच विचारलं गेलं, "हे तुला कोणी दिलं गं?" तासतासभर गोष्टी निघाल्या. एका अडकित्त्यापायी एका आजीने तिच्या मामाची सगळी हकिगत सांगितली.

आता निगा. जुन्या नक्षीवर राख, वाळू किंवा तारेची घासणी चालवू नका. दरवेळी थोडी थोडी नक्षी झिजते आणि नावही पुसट होतं. चिंच किंवा लिंबू लावलं तर लगेच धुऊन कोरडं करा. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक, चिंचेचं सार, लोणचं ठेवू नका. ते कळकतं आणि पोटाला बाधतं. स्वयंपाकाला भांडं वापरायचं असेल तर आधी कल्हई करून घ्या. तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून कथलाचा पातळ थर देतात, तीच कल्हई.

शेवटी कायद्याची आणखी एक गोष्ट. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. धातूच्या जुन्या मूर्ती नोंदणीच्या यादीत येतात. त्यामुळे कोणी गाडीतून येऊन "देवघरातली जुनी मूर्ती द्या, चांगले पैसे देतो" म्हणाला तर घाई करू नका. आणि नांगरताना, विहीर खणताना काही सापडलं तर तहसील कार्यालयात कळवा. १९७४ साली अहमदनगर जिल्ह्यातल्या दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं खोड खणताना धातूच्या चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ. चारींचं मिळून वजन साठ किलोहून जास्त. मोडीत घातलं असतं तर साठ किलोचे पैसे आले असते. आज जगभरचे अभ्यासक हजारो वर्षांपूर्वीचा इतिहास त्या चार वस्तूंवरून वाचतात.

दर १२ जानेवारीला आपण सिंदखेडराजाला जिजाऊंना वंदन करायला जातो. लखुजीराजांच्या वाड्याच्या दगडांना हात लावून कपाळी लावतो. तो वाडा जपायला सरकार आहे. आपल्या माळ्यावरचं पोतं जपायला आपणच.

ताईंनी तो चपटा पत्रा फेकला नाही. भिंतीला खिळा ठोकून देवघराशेजारी लावला आहे. नव्या सुनेने घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात विचारलं, "आत्या, हे कोणाचं नाव?" आता त्या घरात ताईंचं माहेरचं नाव सुनेलाही माहीत आहे.

तर मायबहिणींनो, या रविवारी माळ्यावरचं पोतं खाली काढा. ओल्या फडक्याने काठ पुसा. नाव वाचा आणि वहीत लिहा. पुढच्या बैठकीत ती वही गटात घेऊन या.