अरब मतदाराच्या दोन निष्ठा

अरब देशांतला मतदार केवळ धर्म पाहून मत देतो, हा समज किती अपुरा आहे ते जॉर्डनच्या निवडणुकांवरून कळते. तिथल्या मतदाराच्या मनात दोन निष्ठा शेजारी नांदतात: एक कबिल्याची, दुसरी श्रद्धेची. कबिल्यातला माणूस संसदेत असला, की मुलाला नोकरी आणि गावाला रस्ता मिळण्याची आशा असते. याला नुसता वशिला म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. सरकारी दार सहज उघडत नाही, तिथे नातलगाला साथ देणे हे कर्तव्यच मानले जाते.

1989 साली, तब्बल 22 वर्षांनी, जॉर्डनमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदारसंघातून जितके प्रतिनिधी निवडायचे, तितकी मते प्रत्येकाच्या हाती होती. एक मत नातलगाला देऊनही उरलेली मते मनाला पटणाऱ्या उमेदवारांना देता येत होती. मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामवादी संघटनेने 80 पैकी 22 जागा जिंकल्या. 1993 साली नियम बदलला आणि प्रत्येकाला एकच मत उरले. कबिल्यांचे उमेदवार वरचढ ठरले, इस्लामवाद्यांच्या जागा घटल्या. श्रद्धा काही चार वर्षांत ओसरली नव्हती. तिच्या वाट्याचे मतच गेले होते. 2024 मध्ये मतदाराच्या हाती दोन मते होती, एक स्थानिक मतदारसंघासाठी आणि एक पक्षांच्या राष्ट्रीय यादीसाठी. गाझातल्या युद्धाने लोक व्यथित होते. ब्रदरहूडशी जोडलेल्या इस्लामिक ॲक्शन फ्रंटला एकूण 138 पैकी 31 जागा मिळाल्या, त्यातल्या 17 राष्ट्रीय यादीतून.

श्रद्धेचे मत बांधील मात्र नसते. मोरोक्कोत इस्लामवादी ‘न्याय आणि विकास’ पक्षाने 2016 मध्ये 125 जागा जिंकल्या; 2021 मध्ये 13 उरल्या. जागावाटपाचे नवे सूत्र त्याला नडले, पण दहा वर्षांच्या सत्तेबद्दलची नाराजीही होती. इस्रायलशी संबंध पूर्ववत करणाऱ्या करारावर याच पक्षाच्या पंतप्रधानांनी सही केली, हे अनेक समर्थकांच्या जिव्हारी लागले.

ट्युनिशियात प्रामाणिकपणाचे मूल्य निर्णायक ठरले. 2019 मध्ये कोणत्याही पक्षाचा आधार नसलेले, साध्या राहणीचे कायद्याचे अध्यापक कैस सईद 70 टक्क्यांहून अधिक मते मिळवून राष्ट्राध्यक्ष झाले. 2021 मध्ये त्यांनी संसद स्थगित केली. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये नव्या संसदेसाठी मतदान झाले, तेव्हा प्रमुख पक्षांनी बहिष्कार घातला आणि जेमतेम 11 टक्के मतदार केंद्रांवर आले.