मायबोलीचें वाचन आणि समाजाचें हित

(धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवानिमित्त वसईंत भरलेल्या सभेंत झालेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, याबद्दल महोत्सव मंडळाचे आम्ही ऋणी आहों. गेल्या ७५ वर्षांत या धर्मग्रामांत काय काय उभें राहिलें, त्याचा वृत्तांत आमच्यापूर्वीं बोललेल्या वक्त्यांनीं सांगितलाच आहे. त्याची पुनरुक्ति आम्ही करीत नाहीं. आमचें सारें आयुष्य मराठी शाळेंत गेलें. तेव्हां शिक्षकाच्या नजरेस जें पडतें, तेंच आपल्यापुढें मांडावें हें बरें. विषय साधा आहे. आपल्या घरची भाषा आपल्या मुलांस वाचतां येते काय, आणि येत नसल्यास त्यांत समाजाचें काय नुकसान होतें, एवढाच.

एका प्रसंगापासून आरंभ करतों. गेल्या पावसाळ्यांत एक तरुण सायंकाळीं आमच्या ओटीवर आला. चांगला शिकलेला, इंजिनिअर, मोठ्या पगारावर असलेला. हातांत कागदांची पिशवी होती. वडील नुकतेच वारले होते, आणि केळीची व पानवेलीची वाडी भावंडांच्या नांवें लावून घ्यावयाची होती. तो खालीं मान घालून म्हणाला, "सर, एवढा सातबारा वाचून दाखवाल का? अक्षरें कशींबशीं लागतात, पण अर्थ लागत नाहीं." आम्ही चष्मा लावून कागद वाचला. भोगवटादार कोणास म्हणतात, इतर हक्कांच्या रकान्यांत कोणाचीं नांवें आहेत, फेरफाराचा क्रमांक कोठें पाहावा, हें सारें त्यास समजावून दिलें. तो आभार मानून गेला. आम्हांस मात्र त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. आमच्या बालपणीं आमच्या गुरुजींच्या ओटीवर असेच लोक कागद घेऊन येत असत. त्यांस अक्षरओळख नव्हती. ते कागदावर अंगठा उठवीत. तो अंगठा जावा म्हणून आपल्या वाडवडिलांनीं पोटाला चिमटा घेऊन शाळा काढल्या. आणि आज पदवी घेतलेला मुलगा आपल्याच आजोबांच्या जमिनीचा कागद घेऊन त्याच ओटीवर उभा आहे!

यांत त्या तरुणाचा दोष नाहीं. दोष कोणाचा हें सांगतांना आम्हांस दुसऱ्याकडे बोट दाखवितां येत नाहीं. आम्ही मराठी शाळेचे शिक्षक, आणि आमचीं दोन्ही मुलें आम्ही इंग्रजी शाळेंत घातलीं. दिवसा पालकांस मायबोलीचें महत्त्व सांगावें आणि रात्रीं आपल्या मुलांकडून इंग्रजी धडे घोकून घ्यावे, असा आमचा क्रम होता. मूल मागें पडेल, मुंबईच्या कचेरींत त्यास कोणी विचारणार नाहीं, ही भीति आम्हांसहि होती. आणि ती अगदींच खोटी नव्हती. भाजीची टोपली घेऊन पहाटेच्या गाडीनें मुंबई गांठणारी माउली "माझ्या लेकराच्या डोक्यावर ही टोपली नको" म्हणून इंग्रजी शाळेची फी भरते, तिला आम्ही नांवें ठेवणार नाहीं. इंग्रजी शिकवावी, आणि उत्तम शिकवावी. परंतु इंग्रजी हातीं यावी म्हणून मराठी हातची सोडावीच लागते, ही समजूत मात्र चुकीची होती. ती आपण सर्वांनीं करून घेतली, आणि तिची किंमत आतां आपलीं नातवंडें भरीत आहेत.

भाषेच्या बाबतींत आपले पूर्वज कसे वागले, हें स्मरण्याजोगें आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघी १५७९ सालीं गोव्यास आले. येथील लोकांस प्रभूची कथा त्यांच्याच भाषेंत मिळावी म्हणून त्या परदेशीय पुरुषानें मराठी आत्मसात् केली, आणि १६१६ सालीं सुमारें ११,००० ओव्यांचें 'क्रिस्तपुराण' राशोल येथें छापून निघालें. देवनागरीचे खिळे हाताशीं नसल्यानें तें रोमन लिपींत छापावें लागलें. पण भाषा मराठीच राहिली. पुढें वारा फिरला. १६८४ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयनें हुकूम काढला कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावें. हुकूम निघाला, तरी आयांनीं चुलीपाशीं आपली बोली सोडली नाहीं. आपली वसईहि १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशें वर्षांहून अधिक काळ, त्याच सत्तेखालीं होती. तरी सामवेदी, वाडवळी, कोळी या आपल्या बोली आजहि येथल्या अंगणांत ऐकूं येतात.

त्या काळीं भाषा टाकण्याचा हुकूम निघाला, आणि लोकांनीं ती टाकली नाहीं. आज तसा हुकूम कोणीहि काढलेला नाहीं. उलट कायदा आपल्या बाजूस उभा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यांत, शक्य तोंवर शिक्षण मातृभाषेंतून द्यावें, असें म्हटलें आहे. महाराष्ट्रांत २०२० सालीं कायदा होऊन सर्व शाळांत दहावीपर्यंत मराठी शिकविणें सक्तीचें झालें. ऑक्टोबर २०२४ मध्यें केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. सन्मान सरकारांतून मिळाला. परंतु मूल मांडीवर घेऊन पुस्तक उघडणें, हें काम सरकार करूं शकत नाहीं. तें घराचें आणि धर्मग्रामाचें काम आहे.

हा केवळ भावनेचा प्रश्न आहे, असें कोणी समजूं नये. सभेंत बोलणारा, वर्तमानपत्र वाचणारा, पतपेढीचे पोटनियम पारखणारा सभासद हाच लोकहिताच्या कामाचा आधार असतो. १९१८ सालीं वसईच्या कॅथॉलिक समाजानें सहकारी तत्त्वावर आपली बँक काढली, ती सावकाराच्या पाशांतून सुटका व्हावी म्हणून. गेल्या शतकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली, ती गांवोगांवच्या सभांतून, गांवकऱ्यांच्या भाषेंत. त्या चळवळीचे अग्रणी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं 'सुवार्ता' मासिकाचें संपादन अनेक वर्षें केलें, आणि जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद येथें भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद भूषविलें. ख्रिस्ती धर्मगुरूस हा मान प्रथमच मिळाला. २०२४ च्या जुलै महिन्यांत ते आपणांतून गेले. त्यांच्या निधनानें आपण सारे हळहळलों. पण त्यांचीं पुस्तकें आपल्या किती घरांत वाचलीं जातात, हा प्रश्न प्रत्येकानें स्वतःस विचारावा. ज्यास स्वतः वाचतां येत नाहीं, त्यास दुसरा जें ऐकवील तें खरें मानावें लागतें. खिशांतल्या फोनवर आलेला मजकूर खरा कीं खोटा, वाडी विकण्याच्या करारांत नक्की काय लिहिलें आहे, हें ताडून पाहण्याचें साधन हातून गेलें, म्हणजे सुशिक्षित माणूसहि परावलंबी होतो.

उपासनेचेंहि तसेंच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ या एकाच दिवशीं दोन लेख प्रसिद्ध केले. एकानें उपासनेंत लोकभाषेस वाट करून दिली. दुसरा वृत्तपत्रें, चित्रपट, नभोवाणी इत्यादि साधनांविषयीं होता. त्यामुळें मिस्सा आपल्या भाषेंत आली. आज मात्र मराठी वाचन करण्यास मुलगा पुढें येतो, तेव्हां त्याच्या हातांतील कागदावर तें रोमन अक्षरांत लिहून दिलेलें असतें. स्टीफन्ससाहेबांस देवनागरीचे खिळे मिळाले नाहींत; आपणांस काय कमी आहे?

तरी आम्ही निराश नाहीं, आणि त्यास कारण आहे. आमच्या मातोश्री निवर्तल्यावर त्यांच्या ट्रंकेंत एक जुनी वही सांपडली. जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेल्या त्या बाईनें आपल्या बोलींतील लग्नाचीं गाणीं मोठ्या वळणदार अक्षरांत उतरून ठेविलीं होतीं. आमच्या नातीनें वही उलटसुलट पाहिली व विचारलें, "पणजीनं काय लिहिलंय?" आम्ही वाचूं लागलों. दुसऱ्याच गाण्यास ती खुदकन हंसली. नवऱ्या मुलाच्या आईची थट्टा तिला बरोबर समजली होती! म्हणजे कानांस भाषा ठाऊक आहे. ओळख नाहीं ती डोळ्यांस. मेलेली भाषा उठवावयाची नाहीं. जिवंत भाषेस केवळ अक्षर दाखवावयाचें आहे. हें काम अवघड नाहीं.

म्हणून या अमृतमहोत्सवाच्या निमित्तानें आम्ही तीन विनंत्या करतों. पहिली, रविवारच्या मिस्सेनंतर अर्धा तास मुलांनीं मराठी पुस्तक मोठ्यानें वाचावें, आणि वडील माणसांनीं बसून ऐकावें. दुसरी, नववीच्या पुढील प्रत्येक मुलामुलीस सातबारा, फेरफार, पतपेढीचें सभासदपत्र व मतदारयादी हे कागद एकदां तरी वाचावयास शिकवावे. आपल्या घरचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेण्याची पाळी त्यांजवर येऊं नये. तिसरी, आपल्या बोलींतील शब्द, म्हणी आणि गाणीं ज्या वृद्ध स्त्रियांच्या ओठीं आहेत, त्यांच्या हयातींतच तीं उतरून घ्यावीं. यांस इमारतनिधि लागत नाहीं. आमची ओटी व आमचा वेळ आम्ही आजपासून या कामीं देत आहों. तो इंजिनिअर तरुण गेले दोन महिने दर रविवारीं येतो. आतां तो फेरफार आपला आपण वाचतो, आणि शेजाऱ्यांचेहि कागद वाचून देतो.

आमच्या मुलांच्या बाबतींत आम्ही जें केलें नाहीं, तें नातवंडांच्या बाबतींत तरी करावें, एवढीच आमची इच्छा आहे. धर्मग्रामाच्या शताब्दीस आम्ही नसूं. त्या दिवशीं आजची ही स्मरणिका कपाटांतून काढून एखाद्या मुलानें ती न अडखळतां वाचली, तर आजचा महोत्सव सार्थकीं लागला असें होईल. तें भाग्य या धर्मग्रामास लाभावें, अशी परमेश्वरचरणीं प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.