कामगाराचा हक्क, धंद्याची गरज आणि सभागृहातला तराजू

(जुना जालना येथे कामगार दिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेचा विषय ठरविताना आम्हा कार्यकर्त्यांमध्ये थोडा वाद झाला. काहींचे म्हणणे पडले की, कामगार दिन आहे तर कामगाराच्याच बाजूने बोलावे, त्यात मालकाचा विचार कशाला? त्यावर आमच्यातलाच एक तरुण उभा राहिला. त्याने कर्ज काढून औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचे लहानसे वर्कशॉप टाकले आहे. तो म्हणाला, "माझ्याकडे सहा माणसे कामाला आहेत. पगाराची तारीख जवळ आली की मला झोप लागत नाही. मी मालक की कामगार, ते आधी सांगा." सगळे हसले. पण त्याचे उत्तर कोणालाच चटकन देता आले नाही, हेही तितकेच खरे.

पूर्वी आपल्या वस्तीत हा प्रश्न नव्हता. कुंडलिकेच्या दोन्ही काठांवर आपली माणसे जिनिंग-प्रेसिंगमध्ये, हमालीवर, विडीच्या कामावर राबत होती. तराजूच्या एकाच पारड्यात आपण सगळे होतो. आज लोखंडाच्या कंपनीत भट्टीसमोर उभा राहणारा ठेकेदाराचा माणूस आपला आहे, बियाणे निवडणारी ताई आपली आहे, आणि दोन-चार का होईना, धंदा टाकणारी पोरेही आपलीच आहेत. म्हणून हा प्रश्न बाबासाहेबांनी विधिमंडळात कसा हाताळला, ते आज आम्ही सांगणार आहोत. त्यांच्या संविधानाच्या कार्यावर आपण दरवर्षी ऐकतो; मजुरांच्या कायद्यांवर त्यांनी सभागृहात काय केले, हे फारसे ऐकायला मिळत नाही.

सन १९२८ ची गोष्ट घ्या. मुंबईच्या कायदे कौन्सिलात गिरणीतल्या बायांना बाळंतपणात रजा आणि भत्ता मिळावा, असे विधेयक आसवले यांनी आणले होते. हा बोजा उद्योगाने का उचलावा, असा आक्षेप होताच. २८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेब बोलले. लोकांचे कल्याण ही मुळात सरकारची जबाबदारी आहे, तेव्हा या खर्चाचा मोठा भाग सरकारने उचलावा हे मला मान्य आहे, असे त्यांनी आधी कबूल केले. पण तेवढ्याने मालक सुटत नाही, असे ते पुढे म्हणाले. मालक बाईला कामावर घेतो ते पुरुषापेक्षा तिच्यापासून अधिक फायदा होतो म्हणून. मग तिच्या बाळंतपणाचा काही भार त्याने का सोसू नये? त्यांनी आक्षेप घेणाऱ्याला गप्प बसविले नाही, त्याचा हिशेब विचारला. खर्च होणारच आहे, तो कोणाच्या पदरात किती टाकायचा, एवढाच प्रश्न त्यांनी शिल्लक ठेवला. १९२९ मध्ये तो कायदा झाला.

दहा वर्षांनी प्रसंग फार कडू आला. आता समोर इंग्रज नव्हते, लोकांनी निवडून दिलेले खेर मंत्रिमंडळ होते. सप्टेंबर १९३८ मध्ये सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. उद्योगात शांतता हवी, संपाआधी समेटाची बोलणी सक्तीची असावीत, आणि ती पायरी ओलांडून संप केला तर शिक्षा, असा त्याचा रोख होता. ऐकायला वाईट वाटत नाही. समेट कोणाला नको असतो? स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बाबासाहेबांनी १५ सप्टेंबरला त्याला कडाडून विरोध केला. काम सोडणे हा फार तर कराराचा भंग होईल, तो गुन्हा कसा? माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपणे म्हणजे त्याला गुलाम करणे, हा त्यांचा मुद्दा होता. गुलामी म्हणजे काय, हे आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. वेठबिगार ज्यांच्या आजोबांनी केली त्यांना या वाक्याचे वजन लगेच कळते.

त्याच भाषणातला आणखी एक मुद्दा आम्हांस फार मोलाचा वाटतो. बोलणी करायची तर मालकाने आपला जमाखर्च समोर ठेवला पाहिजे, असे ते म्हणाले. मालक म्हणतो, परवडत नाही. कामगार म्हणतो, परवडते. वही मालकाच्या कपाटात. मग समेट तो कसला? धंद्याची गरज खरी असेल तर ती कागदावर दिसली पाहिजे.

विधेयक मंजूर झाले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि गिरणी कामगार युनियनने मिळून एक दिवसाचा संप केला. बाबासाहेबांचे आणि कम्युनिस्टांचे किती पटत होते हे आपण जाणतो. तरी त्या दिवशी दोघे एका रस्त्यावर होते. गोळीबारही झाला.

इथे एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. आपले जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मुंबईच्या विधिमंडळात किंवा दिल्लीच्या कायदेमंडळात झालेला कायदा इथे आपोआप लागू होत नसे. आपल्या जिनिंगमधल्या मजुराला त्या वादाची बातमी तरी पोचली असेल का, याची आम्हाला शंका आहे.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. म्हणजे आता ते विरोधी बाकावर नव्हते. तराजू त्यांच्याच हाती आला. सरकार, मालक आणि मजूर अशा तिघांना एका टेबलाशी बसविणारी परिषद ७ ऑगस्ट १९४२ रोजी दिल्लीत भरली, ती त्यांच्या अध्यक्षतेखाली. पण हाती तराजू आला की अडचणीही येतात, आणि त्या झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. खाणीत जमिनीखाली बायांना उतरविण्यास १९३७ पासून बंदी होती. युद्धात कोळसा कमी पडू लागला, तेव्हा ऑगस्ट १९४३ मध्ये सरकारने ती बंदी उठविली. त्यावर ८ फेब्रुवारी १९४४ रोजी सभागृहात वाद झाला, रेणुका राय यांनी सरकारला धारेवर धरले, आणि सरकारची बाजू मांडायला उभे राहिले ते खुद्द बाबासाहेब! आणीबाणीचा हा तात्पुरता उपाय आहे, आणि या बायांना पुरुषाइतक्याच कामाला पुरुषाइतकेच वेतन मिळेल, असे त्यांनी सांगितले. १ फेब्रुवारी १९४६ ला बंदी पुन्हा लागू झाली. त्या अडीच वर्षांत ज्या बाया खाली उतरल्या त्यांना हे उत्तर पुरेसे वाटले असेल का? आम्हाला तसे वाटत नाही. पण उद्योगाच्या गरजेपुढे वाकावे लागले तेव्हाही त्यांनी दोन गोष्टी सोडल्या नाहीत, एक मुदत आणि दुसरी मजुरी. आज 'धंद्याची गरज' म्हणून जे मागितले जाते, त्याला मुदत असते का, हे आपण तपासून पाहावे.

मग तासांचा कायदा आला. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. हंगामी कारखान्यांत मात्र ६० वरून ५० वर. हा दोन तासांचा फरक कशासाठी? जिनिंगसारखा धंदा कापूस येतो त्या चार-सहा महिन्यांतच चालतो. त्या धंद्याची अडचण मान्य केली, पण मजुराचेही दहा तास कमी केलेच. युनियनला मान्यता देणे मालकावर बंधनकारक करणारे विधेयक त्यांनी १९४३ मध्ये आणले होते, त्याची कथा निराळी. १९४७ मध्ये ते मंजूर झाले आणि अमलात कधीच आले नाही.

आता आजचे पाहू. जुने २९ केंद्रीय कायदे मोडून चार श्रमसंहिता केल्या आहेत. वेतनाची २०१९ मध्ये झाली. उरलेल्या तीन लोकसभेत २२ सप्टेंबर २०२० रोजी आणि राज्यसभेत दुसऱ्या दिवशी मंजूर झाल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही लागू झाल्या आहेत. त्यांत चांगले काहीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. किमान वेतन आता ठरावीक उद्योगांपुरते राहिले नाही. मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे. ५१ टक्के कामगार ज्या युनियनच्या मागे आहेत तिच्याशी मालकाला बोलावे लागेल. दुसऱ्या पारड्यातही पाहा. कामगार कपातीला किंवा कारखाना बंद करायला सरकारची आगाऊ परवानगी १०० कामगारांपासून लागत होती, ती आता ३०० पासून लागते. ठेकेदारावरचा कायदा २० ऐवजी ५० माणसांपासून लागतो. आपल्या पोरांना हे आकडे कोरडे वाटतात. ते ज्या कंपनीच्या गेटवर हजेरी लावतात तिथल्या हजेरीपटावर किती नावे आहेत, एवढे त्यांनी मोजावे, म्हणजे कोरडेपणा जाईल.

आमची मुख्य तक्रार आकड्यांबद्दल नाही. ३०० योग्य की १००, यावर शहाणी माणसे दोन्ही बाजूंनी बोलू शकतात. वर्कशॉपवाला आमचा मित्रही बोलेल. पण त्या दोन दिवशी विरोधी सदस्यांचा कामकाजावर बहिष्कार होता. १९३८ मध्ये विधेयक मंजूर होणार हे ठाऊक असूनही बाबासाहेब सभागृहात उभे राहिले, म्हणून आज आपल्याला त्यांचा जमाखर्चाचा मुद्दा वाचायला मिळतो. २०२० मध्ये तो मुद्दा समोरून विचारणारे जवळजवळ कोणीच नव्हते. घाई करणाऱ्या सरकारला आम्ही दोष देतो. बाहेर बसलेल्यांनाही आम्ही मोकळे सोडत नाही.

आता थोडे कामाचे. दहा किंवा अधिक कामगार जिथे आहेत तिथे नेमणूकपत्र देणे नव्या संहितेने बंधनकारक केले आहे. ज्यांना ते मिळालेले नाही त्यांनी सभा संपल्यावर थांबावे. अर्ज कसा लिहायचा ते आम्ही बसून लिहून देऊ. वर्कशॉपवाला तो तरुणही आज आला आहे. त्याच्याकडे सहाच माणसे, म्हणजे ही सक्ती त्याच्यावर नाही. तरी सहा नेमणूकपत्रांचे मसुदे तयार करून तो घेऊन आला आहे. नाव आहे, काम आहे, पगार आहे. कामाच्या तासांची जागा मात्र त्याने कोरी ठेवली आहे, आणि ती त्या सहा जणांसमोर बसून भरायची आहे, असे तो म्हणतो. तेही मागच्या रांगेत बसले आहेत.

जयभीम.