तिघांचा ताल
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



रेडिओवर बोलायचं, तर रेडिओनेच ज्यांना वर आणलं अशा माणसांविषयी बोलावं, असं मनात आलं. म्हणून आज कॅनडातल्या ‘रश’ नावाच्या रॉक बँडची गोष्ट सांगणार आहे. हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलं नसेल. बीटल्सची गाणी आपल्याकडच्या कॉलेजांत पोचली, तशी यांची पोचली नाहीत. रॉक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो कानठळ्या बसवणारा आवाज आणि दोन-चार वर्षांत भांडून वेगळी झालेली पोरं. या बँडचं तसं झालं नाही. १९७४ ते २०१५ अशी एकेचाळीस वर्षं तेच तिघे एकत्र वाजवत राहिले. ते वर कसे आले आणि वर गेल्यावर कसे वागले, या दोन्ही गोष्टी ऐकण्यासारख्या आहेत.

टोरांटो शहराच्या उत्तर भागात विलोडेल नावाचं उपनगर आहे. तिथल्या शाळेत दोन मुलांची दोस्ती जमली. त्यातला एक गॅरी वाइनरिब. त्याचे आई-वडील पोलंडमधले ज्यू. दोघंही नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत बाहेर आले, युद्ध संपल्यावर त्यांनी लग्न केलं आणि कॅनडा गाठला. आईच्या उच्चारात ‘गॅरी’चं ‘गेडी’ व्हायचं. मित्रांनी तेच उचललं आणि पुढे जगानेही त्याला गेडी ली म्हणूनच ओळखलं. तो बारा वर्षांचा असताना वडील वारले. आईने दुकान चालवून तीन मुलांना वाढवलं. दुसरा मुलगा अलेक्स झिवोयिनोविच. त्याचे आई-वडील युगोस्लाव्हियातून आलेले सर्बियन. या आडनावाचा अर्थ इंग्रजीत आणून तो अलेक्स लाइफसन झाला. वडील प्लंबर होते आणि अलेक्सनेही काही काळ त्यांच्या हाताखाली काम केलं.

गेडी बेस गिटार वाजवायचा आणि गायचा, अलेक्स गिटार वाजवायचा, आणि जॉन रटसी नावाचा मित्र ड्रमवर असायचा. बँडला ‘रश’ हे नाव सुचवलं ते जॉनच्या थोरल्या भावाने. १९६८ सालच्या सप्टेंबरात एका चर्चच्या तळघरात या बँडचा पहिला कार्यक्रम झाला. त्यानंतर तीन वर्षं शाळांच्या हॉलमधून मिळतील ते कार्यक्रम करण्यात गेली.

आता कायद्याची गंमत पाहा. १९७१ मध्ये ऑन्टारिओ प्रांताने मद्यपानाची वयोमर्यादा एकवीसवरून अठरावर आणली. हा निर्णय बरा की वाईट, हा वाद बाजूला ठेवू. पण त्यामुळे बार तरुण गिऱ्हाइकांनी भरले, आणि त्यांना वाजवणारी मंडळी हवी झाली. कधीतरी एखादा कार्यक्रम मिळवणारी ही पोरं आता आठवड्यातल्या कितीतरी रात्री वाजवू लागली. आपल्याकडे ज्याला रियाज म्हणतात, तो त्यांचा सिगारेटच्या धुरात आणि ग्लासांच्या किणकिणाटात झाला.

त्याच वर्षी दुसराही एक नियम आला. शेजारच्या अमेरिकेच्या गाण्यांपुढे कॅनडातली गाणी दबून जात होती. म्हणून तिथल्या प्रसारण नियामक मंडळाने एएम रेडिओ केंद्रांना तीस टक्के गाणी कॅनडातली लावण्याची सक्ती केली. आपल्या बँडचं भाग्य त्यामुळे उघडलं असेल, असं तुम्हाला वाटेल. पण तसं झालं नाही. रेकॉर्ड कंपन्यांनी या मुलांना नकारच दिला. तेव्हा त्यांचे व्यवस्थापक रे डॅनियल्स आणि त्यांच्या भागीदाराने ‘मून रेकॉर्ड्स’ नावाची घरचीच कंपनी काढली. स्टुडिओचं भाडं रात्री कमी असायचं. त्यामुळे बारमधला कार्यक्रम आटोपून ही मुलं अपरात्री ध्वनिमुद्रणाला जात. १९७४ मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली. सुरुवातीच्या प्रती जेमतेम साडेतीन हजार. गेडीच्या आईने दुकानाच्या खिडक्यांवर मुलाच्या बँडची पोस्टरं लावली आणि ज्या पोरांकडे पैसे नव्हते त्यांना रेकॉर्ड फुकट वाटल्या.

त्यातली एक प्रत सरहद्दीपलीकडे अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरात पोचली. तिथल्या डब्ल्यूएमएमएस या रेडिओ केंद्रावर कोणती गाणी लावायची हे डॉना हॅल्पर ठरवत असत. निवेदकाला मध्येच जागेवरून उठायची गरज पडली, तर लांबीची गाणी हाताशी असावी लागतात. स्टुडिओत काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. हॅल्पर यांनी रेकॉर्डवरचं सगळ्यांत लांब गाणं शोधलं. ते सात मिनिटांचं होतं आणि त्याचं नाव ‘वर्किंग मॅन’, म्हणजे कष्टकरी माणूस. क्लीव्हलंड हे कारखान्यांचं शहर. सकाळी उठून कामावर जाणाऱ्या आणि संध्याकाळी थकून परतणाऱ्या माणसाचं गाणं त्या गावाने लगेच आपलं मानलं. केंद्रावर फोन वाजू लागले. ही लेड झेपेलिनची नवी रेकॉर्ड का, अशीही विचारणा झाली. रेकॉर्ड दुकानांची मागणी वाढली आणि थोड्याच दिवसांत मर्क्युरी या अमेरिकन कंपनीने करार केला. तीस टक्क्यांच्या कायद्याने जे झालं नाही, ते परक्या गावातल्या एका जाणत्या कानाने केलं.

पण अमेरिकेचा दौरा ठरला आणि ड्रमर जॉन रटसी प्रकृती आणि मतभेद यांमुळे बाहेर पडला. त्याच्या जागी १९७४ च्या जुलैअखेर नील पिअर्ट आला. सेंट कॅथरिन्सचा हा उंच, अबोल मुलगा वडिलांच्या शेती अवजारांच्या धंद्यात सुटे भाग विकण्याचं काम करत होता. त्याआधी लंडनला जाऊन नशीब आजमावून, हात हलवत परत आला होता. बँडमध्ये आल्यावर जेमतेम दोन आठवड्यांनी, पिट्सबर्ग इथे अकरा हजार लोकांपुढे त्याने पहिला कार्यक्रम केला. नील प्रचंड वाचायचा. हे पाहून बाकीच्या दोघांनी गाणी लिहिण्याचं काम त्याच्याकडेच सोपवलं. त्यानंतर बँडची गाणी विचार करणारी झाली, आणि लांबीलाही वाढली.

श्रोतेहो, खरी परीक्षा पुढे होती. १९७५ मध्ये आलेली तिसरी रेकॉर्ड, ‘केरेस ऑफ स्टील’, पडली. दौऱ्यात सभागृहं रिकामी राहू लागली. या दौऱ्याला त्यांनी स्वतःच एक नाव दिलं होतं. त्याचा आपल्या भाषेतला अर्थ ‘गाळात चाललेला दौरा’. कंपनीचं म्हणणं सरळ होतं. तीन-चार मिनिटांची, रेडिओवर चालतील अशी गाणी करा. पुढची रेकॉर्ड चालली नसती तर नील परत सुट्या भागांच्या दुकानात गेला असता आणि अलेक्स प्लंबिंगकडे.

तिघांनी बसून विचार केला. बुडायचंच असेल तर आपल्या मनासारखं करून बुडू, असं त्यांनी ठरवलं. १९७६ मध्ये ‘२११२’ ही रेकॉर्ड आली. तिची पहिली अख्खी बाजू म्हणजे वीस मिनिटांची एकच रचना. कथा अशी की, २११२ साली पुजाऱ्यांची एक सत्ता लोकांनी काय वाचायचं, काय ऐकायचं हे ठरवत असते. एका तरुणाला जुनी गिटार सापडते. आनंदाने तो ती पुजाऱ्यांना दाखवायला नेतो आणि ते तिचा चुरा करतात. कंपनीने मागितलं होतं त्याच्या हे अगदी उलट होतं. कंपनीला उत्तर म्हणूनही ते वाचता येतं.

ही रेकॉर्ड एका रात्रीत गाजली असं मात्र नाही. रेडिओने ती फारशी उचलली नाही. मग या तिघांनी गाडीत वाद्यं भरली आणि गावोगाव फिरले, कधी मोठ्या बँडच्या आधी अर्धा तास, तर कधी स्वतंत्र कार्यक्रम करून. ऐकणारा मित्राला सांगे, मित्र पुढच्या वेळी तिकीट काढे. अमेरिकेत पाच लाख प्रती झाल्याचं प्रमाणपत्र १९७७ मध्ये मिळालं, आणि दहा लाखांचं १९८१ मध्ये. यानंतर काय वाजवायचं हे कंपनीने त्यांना पुन्हा सांगितलं नाही.

या रेकॉर्डमुळे एक मनस्तापही झाला. तिच्या कथेवर आयन रँड या लेखिकेचा प्रभाव होता आणि रेकॉर्डवर तिचा ऋणनिर्देश होता. रँडचे चाहते आपल्याकडेही पुष्कळ आहेत. पण १९७८ मध्ये ब्रिटनमधल्या एका संगीत साप्ताहिकाने या बँडवर फॅसिस्ट विचारांचा ठपका ठेवला. ज्याचे आई-वडील नाझींच्या छावणीतून वाचले, त्या गेडीला हे वाचून काय वाटलं असेल! नील पुढे रँडच्या विचारांपासून दूर गेला आणि तसं त्याने उघडपणे सांगितलंही. गेडीच्या आईने सांगितलेल्या छावणीतून सुटकेच्या आठवणींवरून १९८४ मध्ये ‘रेड सेक्टर ए’ हे गाणं झालं.

१९८० मध्ये ‘द स्पिरिट ऑफ रेडिओ’ हे त्यांचं गाणं आलं. टोरांटो परिसरातल्या एका मनस्वी रेडिओ केंद्राच्या ब्रीदवाक्यावरून नाव घेतलं होतं. संगीताचा आनंद आणि त्याचा बाजार यांतली ओढाताण हा विषय. गंमत अशी की रेडिओच्या बाजारूपणाला टोचणारं हेच गाणं रेडिओवर भरपूर वाजलं. पुढच्या वर्षी आलेल्या ‘मूव्हिंग पिक्चर्स’ या रेकॉर्डने ते शिखरावर पोचले. एकट्या अमेरिकेत तिच्या चाळीस लाखांहून अधिक प्रती खपल्या.

या रेकॉर्डवर ‘वाय-वाय-झेड’ नावाची एक शब्दांविना रचना आहे. ही टोरांटो विमानतळाची तीन अक्षरी खूण. ही अक्षरं तारायंत्राच्या कट्-कडकट्टमध्ये वाजवली की जो ठेका होतो, तोच या रचनेचा आरंभ. मोजला तर दहा मात्रा भरतात. आपल्या झपतालाचे खंड निराळे, पण मात्रा तेवढ्याच. ‘टॉम सॉयर’ या त्यांच्या गाजलेल्या गाण्यातही मध्येच सात मात्रांचा तुकडा येतो. रूपक ऐकलेल्या कानाला त्यात अवघड काही नाही. चारच्या सरळ चालीला सरावलेल्या पाश्चात्त्य तरुणांना मात्र ही मोजदाद करण्यात मोठा आनंद वाटायचा.

यशाच्या मोठ्या काळानंतर दुःख आलं. १९९७ च्या ऑगस्टमध्ये नीलची एकुलती एक मुलगी सेलीना मोटार अपघातात गेली. ती एकोणीस वर्षांची होती. दहा महिन्यांनी पत्नी जॅकी कर्करोगाने गेली. आपण निवृत्त झालो असं समजा, असं त्याने मित्रांना सांगितलं. मोटारसायकल घेतली आणि कॅनडा, अमेरिका, मेक्सिको, बेलिझ असा चौदा महिन्यांत अठ्ठ्याऐंशी हजार किलोमीटर एकटा फिरला.

गेडी आणि अलेक्स यांनी या काळात काय केलं? दुसरा ड्रमर घेतला नाही, आणि परत ये असा तगादाही लावला नाही. ते थांबले. चालू धंदा बंद ठेवून मित्रासाठी थांबणं किती अवघड असतं, हे दुकान चालवणाऱ्याला विचारा. नील सावरला, त्याने पुन्हा संसार मांडला, आणि २००२ मध्ये ‘व्हेपर ट्रेल्स’ ही नवी रेकॉर्ड आली. त्याच नोव्हेंबरात हे तिघे पहिल्यांदाच ब्राझीलला गेले. रिओच्या माराकाना स्टेडियमवर सुमारे चाळीस हजार माणसं जमली. ‘वाय-वाय-झेड’ सुरू झालं आणि शब्दच नसलेली ती रचना सारं स्टेडियम तोंडाने गाऊ लागलं, तालावर उड्या मारू लागलं. त्या कार्यक्रमाचं चित्रीकरण झालेलं आहे. मिळालं तर जरूर पाहा.

अमेरिकेतल्या रॉक संगीताच्या मानाच्या दालनात, ‘हॉल ऑफ फेम’मध्ये, त्यांना जागा मिळाली ती थेट २०१३ मध्ये. पात्र ठरून तोवर पंधरा वर्षं झाली होती. समीक्षकांना ते कधी फारसे रुचले नाहीत. सत्काराला उत्तर देताना अलेक्सने संपूर्ण भाषण ‘ब्ला ब्ला ब्ला’ एवढ्याच शब्दांत केलं. सभागृहाला आधी काही कळेना, मग हशा पिकला.

हात आणि खांदे दुखू लागले, तेव्हा १ ऑगस्ट २०१५ रोजी लॉस एंजेलिसला तिघांनी अखेरचा कार्यक्रम केला. वर्षभराने नीलला मेंदूचा कर्करोग झाल्याचं निष्पन्न झालं. त्याच्या इच्छेनुसार दोन्ही मित्रांनी साडेतीन वर्षं ही गोष्ट कुणालाही कळू दिली नाही. ७ जानेवारी २०२० रोजी तो गेला, तेव्हाच जगाला कळलं. पुढे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये गेडी आणि अलेक्स यांनी जर्मनीच्या अनिका निलेस या ड्रमवादक स्त्रीला सोबत घेऊन पुन्हा दौरा करण्याचं जाहीर केलं. त्यालाही नीलच्या पत्नीच्या आणि मुलीच्या शुभेच्छा होत्या.

या बँडच्या रेकॉर्ड जगभर चार कोटींहून अधिक खपल्याचा अंदाज आहे. पण आकडे विसरायला होतात. लक्षात ठेवण्याजोगी आहेत ती दोन वळणं. १९७६ मध्ये सगळं हातचं जात असताना त्यांनी कंपनीचं न ऐकता आपलं मन मानलं, आणि नंतर ते लोकांपर्यंत पोचवायला गावोगाव फिरले. १९९७ मध्ये सगळं हाती असताना त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि मित्राची वाट पाहिली. पहिलं धाडस कलावंत करतात. दुसरं करणारे फार थोडे.